पाणी सर्वांना सारखे

१९०० सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. पॅरिसला सीन नदीवर ऑलिंपिकच्या वल्ह्यांच्या शर्यती चालल्या होत्या. त्यांत एक शर्यत दोन वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला अशा तिघातिघांच्या नौकांची होती. हॉलंडची जोडी होती फ्रान्स्वा ब्रांट आणि रूलोफ क्लाइन यांची. दोघेही दणकट आणि कसलेले. पण प्राथमिक फेरीत एक फ्रेंच नौका त्यांना मागे टाकून सहज निघून गेली. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. फ्रेंचांनी सुकाणूपाशी एक लहानसे पोर बसवले होते, आणि डच नौकेत त्या जागी हर्मानस ब्रोकमान नावाचे चांगले भरदार गृहस्थ विराजमान होते. म्हणजे फ्रेंचांच्या मानाने ब्रांट आणि क्लाइन भातशेराच्या निम्म्या पोत्याइतके ओझे फुकट वाहत होते!

अंतिम शर्यतीपूर्वी डचांनी ब्रोकमान यांना नदीकाठी उतरवले आणि गर्दीतून एक फ्रेंच मुलगा उचलून नौकेत बसवला. मुलगा इतका हलका, की नौकेची पिछाडी वर उचलली जाऊन सुकाणू पाण्याला धड लागेना. तेव्हा त्याच्यापाशी शिशाचे वजन बांधण्यात आले. शर्यत झाली आणि डच नौका अगदी निसटती पुढे राहून जिंकली. विजेत्यांबरोबर त्या मुलाचा एक फोटो काढला गेला. मुलगा घरी गेला. त्याचे नाव मात्र कोणी विचारून ठेवले नाही. ऑलिंपिकच्या विजेत्यांच्या यादीत आजही त्याच्या नावाची जागा रिकामीच आहे.

ही हकीकत वाचताना मौज वाटते खरी, पण हरलेल्या नौकांच्या जागी आपण आहोत अशी कल्पना करून पाहा. वर्ष-वर्ष मेहनत करायची, हाताला घट्टे पाडून घ्यायचे, आणि निकाल कशावर लागायचा? तर कोणाला किती हलके पोर सापडले यावर! म्हणूनच आज आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की सुकाणूवाला, ज्याला जगभर ‘कॉक्स’ म्हणतात, तो निदान ५५ किलो वजनाचा असला पाहिजे. कमी भरला तर त्याच्याजवळ वजन ठेवून ती तूट भरून काढायची. तेही १५ किलोंपर्यंतच. हिशेब करून पाहा. चाळीस किलोंच्या आतल्या पोराला आता कोणी कितीही वजने बांधली तरी त्याचा उपयोग नाही. सीन नदीवरची ती युक्ती कायमची बंद झाली.

वल्ह्यांच्या शर्यतीचे नियमपुस्तक उघडले की पानापानावर अशी एखादी जुनी भानगड लपलेली दिसते. घरात चार भावंडांना श्रीखंड वाढताना आईची जी कसरत होते, वाटी सारखी, चमचा सारखा, तरी शेवटी एकजण ‘त्याला जास्त’ म्हणणारच, तीच कसरत येथे दोन किलोमीटर पाण्यावर करायची असते. आणि पाणी काही वाटीत राहत नाही.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून दोन शब्द त्याच्याविषयी. वल्हेकरी नौकेत पाठ पुढे करून बसतात. जायचे असते उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला! मोठ्या नौकेत पुढचे दिसते ते फक्त कॉक्सला. आपल्या कोकणातल्या तांडेलाप्रमाणे सर्वांचा ताल तोच सांभाळतो. काही शर्यतींत प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते, तर काहींत प्रत्येकाने एकच लांब वल्हे दोन्ही हातांनी ओढायचे. नौका एकट्याची, दोघांची, चौघांची आणि सर्वांत दिमाखाची ती आठजणांची. आठजणांच्या नौकेला दोन हजार मीटर जायला साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. आपला चहा उकळेपर्यंत सारा खेळ खलास!

या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था १८९२ साली इटलीतल्या तुरीन शहरात स्थापन झाली. निरनिराळ्या देशांचे लोक निरनिराळ्या नद्यांवर आपापल्या रीतीने शर्यती लावीत. कोठे अंतर एक, कोठे दुसरे. कोठे वळसा घालून परत यायचे, कोठे सरळ जायचे. अशा कारभारात कोण श्रेष्ठ हे ठरायचे कसे? पुढे हीच संस्था ‘फिसा’ म्हणून ओळखली गेली. आता ती ‘वर्ल्ड रोइंग’ या नावाने स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथून कारभार पाहते.

सुरुवातीची ऑलिंपिके म्हणजे नुसता गोंधळ. १८९६ साली अथेन्सला समुद्र खवळला म्हणून शर्यती रद्दच कराव्या लागल्या. १९०० साली ज्या सीन नदीवर तो अनामिक मुलगा सुकाणू धरून बसला, त्याच नदीवर चौघांच्या नौकांचा तंटा झाला. एका फेरीत हरलेल्या काही नौका दुसऱ्या फेरीतल्या विजेत्यापेक्षा वेगवान होत्या. मग अंतिम शर्यतीला कोण घ्यायचे? पंचांनी एक ठरवले, मग फिरवले, मग पुन्हा फिरवले. प्राथमिक फेऱ्यांचे विजेते रागावून अंतिम शर्यतीला आलेच नाहीत. अखेर त्यांच्यासाठी दुसरी अंतिम शर्यत वेगळी लावण्यात आली. ऑलिंपिकच्या दप्तरात आजही त्या एका शर्यतीचे दोन विजेते नोंदलेले आहेत! लग्नात दोन्ही व्याह्यांना मान मिळावा म्हणून दोनदा अक्षता टाकण्यातला प्रकार झाला.

पुढे दोन हजार मीटरचे अंतर हळूहळू रूढ झाले. तेही सरळ रेषेत आणि वाहत्या पाण्यात शक्यतो नाही. एका बाजूला प्रवाहाचा जोर आणि दुसऱ्या बाजूला संथ पाणी असले तर शर्यत नौकांची न राहता नशिबाची होते. मोठ्या स्पर्धेत सहा नौका शेजारीशेजारी धावतात आणि प्रत्येकीची स्वतंत्र गल्ली असते. गल्लीची रुंदी सुमारे साडेतेरा मीटर. पाण्याची खोलीही मोजतात, कारण उथळ पाणी नौकेला धरून ठेवते. एकीच्या खाली खोल डोह आणि दुसरीच्या खाली गुडघाभर पाणी असे चालत नाही. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये आल्बानो सरोवरावर तारांत ओवलेल्या तरंगत्या गोळ्यांनी या गल्ल्या आखल्या गेल्या. तेव्हापासून त्या पद्धतीला जगभर आल्बानोचेच नाव पडले आहे. वरून पाहिले तर पाण्यावर कोणी वहीच्या समासासारख्या रेघा मारल्या आहेत असे वाटते.

आरंभाचा थाट पाहण्यासारखा असतो. पाण्यावर बांधलेल्या फळ्यांवर सहा माणसे पालथी पडून एकेका नौकेची पिछाडी हातांनी धरून ठेवतात. बाजूला बसलेला एक पंच सहाही नौकांची टोके एका रेषेत आली की नाही ते पाहतो आणि ‘अमकी जरा पुढे, तमकी हातभर मागे’ अशा सूचना देतो. मग आरंभ करणारा पंच प्रत्येक देशाचे नाव पुकारतो आणि ‘अटेन्शन’ म्हणतो. तांबडा दिवा लागतो. क्षणभर सारे स्तब्ध. दिवा हिरवा झाला की सहा नौकांची वल्ही एकदम पाण्यात! फार वर्षे ही आज्ञा जगभर फ्रेंच भाषेत दिली जाई. ‘तयार आहात ना? निघा!’ अशा अर्थाचे ते शब्द इंग्रज असो, रशियन असो, सर्वांनी फ्रेंचमध्येच ऐकायचे. पण आवाज जवळच्या गल्लीत आधी आणि लांबच्या गल्लीत किंचित मागून पोचतो. शिवाय पंचाच्या ओठांकडे पाहून अर्धा क्षण आधी निसटणारे बहाद्दरही असतातच. दिव्याने दोन्ही तक्रारी मिटवल्या.

घाई करून आधीच निघालेल्या नौकेला पिवळे कार्ड मिळते. दुसऱ्यांदा तेच झाले तर स्पर्धेतून रजा. आरंभीच्या शंभर मीटरांत वल्हे मोडले किंवा नौकेचे काही तुटले तर वल्हेकऱ्याने हात वर करावा. त्याचे म्हणणे ऐकले जाते. त्यापुढे मात्र जे मोडेल ते ज्याचे त्याच्या पदरी.

शर्यतीच्या मागोमाग मोटारबोटीत उभा राहून एक पंच जातो. त्याच्या हाती दोन निशाणे असतात, पांढरे आणि तांबडे. या पंचाविषयीचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एखादी नौका आपल्या गल्लीबाहेर गेली, पण कोणाच्या वाटेत आली नाही, तर पंचाने गप्प बसायचे. वाकडे गेल्याची शिक्षा तिला लांबच्या अंतराने मिळतच असते. ती दुसरीच्या अंगावर जाऊ लागली, तरच पांढरे निशाण उंच करायचे, तिच्या देशाचे नाव पुकारायचे आणि निशाण ज्या बाजूला न्यायचे त्या बाजूला झुकवायचे. उगाच शिकवणी घेत बसायचे नाही. पंचाने तर नाहीच, पण काठावरून सायकलीवर धावणाऱ्या मार्गदर्शकानेही बिनतारी यंत्रातून नौकेतल्यांना काही सांगायचे नाही. एकदा निघाले की नौकेतले लोक आणि त्यांचे डोके, एवढेच.

शेवटच्या रेषेवर निकाल ठरतो तो नौकेच्या नाळेवरून. नाळेच्या टोकावर चार सेंटिमीटरांचा एक पांढरा रबरी गोळा बसवणे सक्तीचे आहे. त्याचा खरा हेतू, भाल्यासारखे ते टोक कोणाच्या पाठीत घुसू नये हा. तो गोळा रेषेवर टेकला की घड्याळ थांबते. सारे यथासांग झाले असेल तर पंच पांढरे निशाण दाखवतो. तांबडे दिसले की समजावे, काही तरी बिनसले. तक्रार लेखी द्यावी लागते आणि बरोबर अनामत रक्कम भरावी लागते. तक्रार खरी ठरली तर पैसे परत. आपल्या सहकारी गृहसंस्थांच्या सभांतही असा नियम असता तर सभा लवकर आटोपल्या असत्या.

नौकांचे वजनही ठरलेले असते. आठजणांची नौका ९६ किलोंपेक्षा हलकी चालत नाही. चौघांची, प्रत्येकाला दोन वल्ही असणारी, ५२ किलोंपेक्षा हलकी नको. एकट्याची निदान १४ किलोंची. हा नियम नसता तर ज्या देशाकडे पैसा जास्त त्याची नौका कागदासारखी हलकी, आणि गरीब देशाचे वल्हेकरी लाकडी धूड ओढताहेत, असा देखावा दिसला असता.

एवढे सारे मोजूनमापून झाले, तरी एक गोष्ट कोणाच्या तराजूत बसत नाही. ती म्हणजे वारा. सहा गल्ल्यांपैकी काठाजवळच्या एकीला झाडांचा आडोसा मिळतो आणि पलीकडचीला आडव्या लाटा खाव्या लागतात. यासाठी मोठ्या स्पर्धांत एक स्वतंत्र समितीच असते. तिचे काम दिवसभर वाऱ्याकडे पाहत बसायचे आणि पाणी सर्वांना सारखे आहे की नाही ते सांगायचे. पाणी सारखे नसेल तर वेळ बदलतात, शर्यत पुढे ढकलतात. तेही जमण्यासारखे नसेल, तर आधीच्या फेरीत सरस ठरलेल्यांना चांगल्या गल्ल्या देतात. दैवाने कोणाला तरी झुकते माप मिळणारच असेल, तर ते निदान ज्याने कमावले त्याला मिळावे, असा हा हिशेब. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये सर्बियाची दोघांची नौका पहिल्याच दिवशी खवळलेल्या पाण्यात उलटली. दुसऱ्या दिवशी तर वाऱ्यामुळे सगळ्याच शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. वाऱ्याच्या या लहरीमुळेच वल्ह्यांच्या खेळात ‘विश्वविक्रम’ हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत. ‘जगातली सर्वोत्तम वेळ’ असे म्हणतात. पाठीवर वारा घेऊन केलेल्या वेळेची तोंडावर वारा घेऊन केलेल्या वेळेशी तुलना करायची नाही, एवढा प्रामाणिकपणा या खेळाने पाळला आहे.

उलटलेल्या त्या सर्बियन जोडीला नंतर पुन्हा पाण्यात उतरता आले, ते ‘रिपेशाज’मुळे. या फ्रेंच शब्दाचा अर्थ मोठा गोड आहे. पाण्यात पडलेले पुन्हा बाहेर काढणे! पहिल्या फेरीत मागे राहिलेल्यांना आणखी एक शर्यत द्यायची, आणि तीत जो पुढे येईल त्याला वरच्या फेरीत घ्यायचे. १९०० सालच्या त्या तंट्यावरचा हा उतारा म्हटला तरी चालेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपला बलराज पन्वर एकेरीच्या पहिल्या फेरीत चौथा आला आणि याच दुसऱ्या संधीने उपांत्यपूर्व फेरीत पोचला.

बायकांच्या बाबतीत मात्र नियमकर्त्यांचे हृदय इतके उदार नव्हते. ऑलिंपिकमध्ये त्यांना वल्हे हाती धरायला १९७६ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही अंतर दिले निम्मे, हजार मीटर. पुरते दोन हजार मीटर मिळाले १९८८ साली सेऊलला. आता २०१७ पासून कॉक्सच्या बाबतीत स्त्री-पुरुष हा भेदच काढून टाकला आहे. इंग्लंडच्या हेन्री फील्डमनने टोकियोला पुरुषांच्या आठजणांच्या नौकेत आणि पॅरिसला स्त्रियांच्या आठजणींच्या नौकेत कॉक्स म्हणून बसून दोन्ही वेळा कांस्यपदक मिळवले.

पण या खेळाच्या इतिहासातला सर्वांत कडू नियम नौकेविषयी नव्हता, पाण्याविषयी नव्हता, की स्त्रियांविषयीही नव्हता. तो होता हाताच्या घट्ट्यांविषयी.

इंग्लंडमध्ये थेम्स नदीवर हेन्ली येथे दरवर्षी मोठी नामांकित शर्यत भरते. १८७९ साली तिच्या चालकांनी ‘हौशी’ वल्हेकरी कोणाला म्हणावे याची व्याख्या केली. पैसे घेऊन वल्हवणारा हौशी नव्हे, हे समजण्यासारखे आहे. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जो कारागीर आहे, यांत्रिक आहे, मजुरी करून पोट भरतो, किंवा पूर्वी कधी भरत होता, तोही हौशी नव्हे, असे त्यांनी लिहून ठेवले. अंगमेहनतीने ज्याचे दंड भरले त्याच्याशी शर्यत लावणे म्हणजे म्हणे कारकुनांवर आणि कॉलेजकुमारांवर अन्याय! नौका मोजून घेतली, अंतर मोजून घेतले, आणि शेवटी माणसाचा धंदाही मोजून घेतला.

१९२० साली अमेरिकेचा जॉन केली हेन्लीला यायला निघाला. हा फिलाडेल्फियाचा, विटा रचणारा गवंडी. त्याचा प्रवेशअर्ज नाकारला गेला. एक कारण असे, की त्याच्या क्लबशी हेन्लीच्या चालकांचे आधीपासून बिनसले होते. दुसरे, तो अंगमेहनत करणारा. त्या वर्षी हेन्लीची एकेरी शर्यत इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डने जिंकली. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पचे ऑलिंपिक होते. तेथे गवंड्याला मज्जाव नव्हता. एकेरीच्या अंतिम शर्यतीत केली आणि बेरेसफर्ड समोरासमोर आले आणि केली एका सेकंदाने जिंकला. त्याच दिवशी थोड्या वेळाने चुलतभावाला बरोबर घेऊन त्याने दुहेरीचे सुवर्णपदकही घेतले. पुढे १९४७ आणि १९४९ साली केलीच्या मुलाने हेन्लीची तीच एकेरी शर्यत जिंकली. सिनेमाच्या शौकिनांना सांगायला हवे, की नटी ग्रेस केली ही याच गवंड्याची कन्या.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला निघालेली ऑस्ट्रेलियाची आठजणांची तुकडी वाटेत हेन्लीला उतरली. आठहीजण पोलीस. त्यांनाही हाच नियम दाखवून परत पाठवण्यात आले. ऑस्ट्रेलियातून बोटीने एवढे अंतर आलेल्या पोलिसांना ‘तुम्ही मजूर’ म्हणून काठावर उभे केले, याचा गवगवा व्हायचा तो झाला, आणि १९३७ साली ते कलम काढून टाकण्यात आले. अठ्ठावन्न वर्षे ते छापील नियमांत डौलाने वावरत होते.

हे कलम टिकले असते तर काय झाले असते, हे पाहायला आपल्याला लंडनला जायचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यात चांदवडजवळ तळेगाव रोही नावाचे गाव आहे. भाग दुष्काळी. तेथला दत्तू भोकनळ बापाबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जाई. बाप गेल्यावर घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला, पुण्याला आला, आणि त्याची उंची पाहून त्याला वल्ह्यावर बसवण्यात आले. पुण्याला सैन्याचे वल्हेकरी तयार होतात ते दापोडीच्या मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजात. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताला या खेळातले पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा बजरंगलाल ताखरही सैन्यातलाच.

चार वर्षांत दत्तू ऑलिंपिकला पात्र ठरला. त्या दिवसांत अपघातानंतर आई अत्यवस्थ होती. रिओला एकेरीत त्याचा तेरावा क्रमांक आला. आठ-दहा वर्षे वल्हवलेल्या युरोपियनांच्या मेळाव्यात, विहिरी खोदून आलेल्या या मुलाचा तेरावा क्रमांक म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. १८७९ च्या व्याख्येप्रमाणे मात्र तो काठावरच उभा राहिला असता. मजुरीने खोदकाम केलेला माणूस!

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धेतल्या वल्ह्यांच्या शर्यती इंडोनेशियात पालेंबांगला झाल्या. २३ तारखेला एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तूच्या प्रकृतीने दगा दिला. त्याला कशीबशी रेषा गाठता आली आणि तो सर्वांत शेवटी, सहावा आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी चौघांच्या नौकेची अंतिम शर्यत होती. स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्याबरोबर दत्तूही पुन्हा नौकेत बसला. पुकारा झाला, दिवा हिरवा झाला. सहा मिनिटे सतरा सेकंदांनी पहिला रबरी गोळा रेषेवर टेकला तो भारताचा. मागून इंडोनेशिया आणि त्यानंतर थायलंड. पंचाने पांढरे निशाण वर केले.